जेलरसाहेबांच्या घरची पंगत

भिलाईच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून रुजू व्हायला मी गोंदियाहून आलो, तेव्हा इथे धड गाव नव्हते आणि शहरही नव्हते. चहूकडे लाल मुरूम, ट्रकांच्या रांगा, तंबू आणि टिनाच्या चाळी. पहिल्याच दुपारी पोटात कावळे ओरडू लागले. कोणीतरी म्हणाले, "मराठी जेवण पाहिजे असेल तर जेलरसाहेबाच्या खानावळीत जा." मी गेलो. दारात पांढरा सदरा घातलेले, ताठ कण्याचे एक गृहस्थ उभे होते. मला नखशिखान्त न्याहाळून त्यांनी विचारले, "हात धुतले?"

नव्हते धुतले.

"मग आधी टाकीपाशी जा, नंतर पाटावर बसा."

नानासाहेब वैरागडे यांच्याशी माझा परिचय झाला तो असा. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. हे लिहितानाही मी आधी हात धुऊन बसलो आहे, हे त्यांना कळावे.

नानासाहेबांची सारी नोकरी तुरुंगखात्यात गेली. ते निवृत्त झाले आणि थोरल्या भावाने नागपूरला बोलावले असतानाही इकडे आले. कारखाना उभा राहत होता. घरदार सोडून आलेली हजारो माणसे अर्धकच्चे खाऊन आजारी पडत होती. "पंचवीस वर्षं माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, आता ज्यांना दाराबाहेर जाता येतं अशांची पाहतो," असे ते आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले होते. काकूंनी हे आम्हांला किती वेळा सांगितले असेल आणि दर वेळी त्या किती हसल्या असतील, याची गणती नाही.

त्या पहिल्या दिवशी माझे ताट वाढून झाले, तसे नानासाहेब समोर येऊन उभे राहिले. वाढत असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका उंच माणसाकडे हात करून ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे डोमाजी. आमचे आचारी. भंडाऱ्याकडचे. शेताच्या धुऱ्या-बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, यांची काठी लागली, भाऊ गेला. त्याची शिक्षा पूर्ण भोगून आलेत. तुम्हांला चालत नसेल तर आजचं जेवण करा आणि उद्यापासून दुसरी जागा पाहा. राग धरणार नाही."

डोमाजी खाली मान घालून माझ्या ताटात वरण वाढत होते. मी वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि दुसरी जागा पाहण्याचा विचार तिथेच सोडला. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला नानासाहेब हे सांगत. पुढे एकदा मी विचारले, "हे रोज सांगायची काय गरज?" ते म्हणाले, "आज मी सांगितलं तर ती एक गोष्ट असते. उद्या दुसऱ्यानं सांगितली की चहाडी होते. डोमाजींनीच मला तसं सांगायला लावलं आहे."

आमच्या खानावळीत तरुण इंजिनिअर होते, कारकून होते, फिटर होते. जेवणावर वाद झडत. एकदा विषय निघाला तो तुरुंगाचा. एक जण म्हणे, तुरुंग हा शिक्षेसाठीच असला पाहिजे, नाहीतर कायद्याला कोण भिणार? दुसरा म्हणे, नाही, माणूस सुधारण्यासाठी. आवाज चढले. आमचा अंदाज असा, की नानासाहेब सुधारणेच्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, "मी नोकरीत फार कडक होतो. पहाटे उठवत असे, काम करवून घेत असे, आळस खपवून घेतला नाही. शिक्षा ही शिक्षाच असावी. पण प्रत्येकाकडे पाहताना मनात एवढं ठेवलं, की हा माणूस एक दिवस सुटणार आहे आणि कोणाच्यातरी शेजारी राहायला जाणार आहे. तो शेजारी मी असलो तर मला हा कसा हवा? म्हणून कोणाला सुतारकाम शिकवलं, कोणाला विणकाम, या डोमाजींना स्वयंपाक. कोर्टानं दिलेली शिक्षा तुरुंगाच्या दारापाशी संपते. त्यापुढची शिक्षा लोक देतात, आणि तिला अपील नसतं."

वाद तिथे संपला नाही; आम्ही तरुण होतो. पण ताक मागताना सगळ्यांचे आवाज खाली आले होते.

या माणसाच्या कडकपणाखाली काय आहे, हे मला मी टायफॉइडने पडलो तेव्हा कळले. त्यांनी मला चाळीतून उचलून आपल्या घरी नेले आणि काकूंना म्हणाले, "हा पेशंट बरा होईपर्यंत याची सुटका नाही." पथ्याची पेज ते स्वतः भरवत आणि मी तोंड फिरवले की जेलरच्या आवाजात दम देत. माझ्या आईने इतके प्रेम केले, पण इतका दम दिला नव्हता.

आता त्या लग्नाविषयी. हा प्रसंग नानासाहेबांचे व्याही भाऊसाहेब ढोले यांची रीतसर परवानगी घेऊन लिहीत आहे. "लिहा, पण माह्या आवाज चढला होता ते बी लिहा. खोटं नको," असे त्यांचेच शब्द आहेत.

नानासाहेबांची एकुलती मुलगी सुमन. तिचे लग्न कारखान्यातल्या मधुकर ढोले या चार्जमनशी ठरले. मुलाचे वडील भाऊसाहेब हे वर्ध्याकडचे निवृत्त फौजदार. व्याह्यांची ही जोडी म्हणजे एकाने पकडायचे आणि दुसऱ्याने सांभाळायचे, अशी आम्ही थट्टा करत असू. सेक्टरमधल्या नव्या क्वार्टरांसमोर मांडव पडला. वऱ्हाड दुर्गला गाडीतून उतरले, ट्रकमधून वाजतगाजत आले. सीमांतपूजन झाले. पंगतीची पाने मांडली जात होती, इतक्यात वऱ्हाडातल्या भंडाऱ्याकडच्या एका पाहुण्याने डोमाजींना ओळखले आणि भाऊसाहेबांच्या कानात सांगितले.

भाऊसाहेब तडक चुलाणापाशी आले.

"वैरागडेसाहेब, हा आचारी खुनाच्या केसमधला हाय हे खरं हाय का?"

"खुनाच्या नाही, सदोष मनुष्यवधाच्या. पण होय, माणूस गेला होता."

"मंग मले आधी कावून नाही सांगितलं?"

नानासाहेबांनी हात जोडले. "ही माझी चूक आहे. खानावळीत आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो आणि लग्नाच्या गडबडीत व्याह्यांनाच सांगायचं राहिलं. त्याची माफी मागतो."

"माफीचं जाऊ द्या. दुसरा आचारी लावा."

"ते होणार नाही."

डोमाजी पुढे आले. "सायेब, मी जातो ना. पोरीचं लगन हाय. माह्यापायी मोडू नका."

"डोमाजी," नानासाहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "कढी उतू जाऊन राहिली. तिकडे लक्ष द्या."

आवाज कडक होता, पण मी शेजारी उभा होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते भाऊसाहेबांना म्हणाले, "माझं म्हणणं मी सांगितलं. पण लग्न माझं नाही. जिचं आहे तिला विचारतो." आणि ते घरात गेले. काकूंच्या सांगण्यावरून मीही मागोमाग गेलो. सुमन हिरव्या शालूत पाटावर बसली होती. तिने बाहेरचे सगळे ऐकले होते. नानासाहेब तिच्यासमोर खाली बसले. या गृहस्थांना मी त्याआधी कधी कोणासमोर असे बसलेले पाहिले नव्हते.

"सुमे, माझा हट्ट तुझ्या आयुष्यावर नको. तू म्हणशील ते."

सुमनने डोळे पुसले आणि ती उठली. सरळ दारात आली आणि होणाऱ्या सासऱ्यांना वाकून नमस्कार करून म्हणाली, "मामंजी, मला स्वयंपाक डोमाजीकाकांनीच शिकवला. त्यांच्या हातचं तुम्हांला चालत नसेल, तर उद्यापासून माझ्या हातचं कसं चालणार?"

मग मागून खळखळून हसण्याचा आवाज आला. मधुकरच्या आई, लक्ष्मीबाई, पदर सावरत पुढे आल्या. "पोरगी तं वकील हाय बाई! तुमच्यासारख्या फौजदाराले घरात असा वकील पाहिजेच होता." आणि आचाऱ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "डोमाजी, वाढा मले. सकाळच्यान उपाशी हाव." त्या पहिल्या पानावर जाऊन बसल्या. त्यांच्यामागे वऱ्हाडातल्या बायका बसल्या, मग मुले.

भाऊसाहेब तसेच उभे होते. त्यांनी डोमाजींना विचारले, "पुरी भोगली?"

"पुरी, सायेब. एक दिवस बी माफ करून नाही मागितला."

भाऊसाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. नंतर हळू आवाजात म्हणाले, "मी लय लोक आत पाठवले. बाहेर आलेला कसा दिसते, हे पाहाचं राहूनच गेलं होतं." त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि ते बायकोच्या शेजारच्या पानावर बसले. पानात बुंदीचा लाडू पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला त्यांनी हात आडवा धरला नाही, तेव्हा मांडवात जो हशा उसळला तो अजून माझ्या कानांत आहे. दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर लग्न लागले. कारखान्याच्या भट्टीतून ओतलेल्या लोखंडाच्या रसाचा उजेड आकाशात पसरला होता आणि रोषणाईचा खर्च वाचला म्हणून नानासाहेब खूश होते.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर नानासाहेबांना ती आवडणार नाही. लग्नानंतर डोमाजींनी गावी जाऊन मृत चुलतभावाच्या आईच्या पाया पडायचे ठरवले. एकट्याने जाण्याचा धीर नव्हता; नानासाहेब सोबत गेले. म्हातारीने दोघांना पाणी दिले, पण ती एक शब्दही बोलली नाही. परतताना डोमाजी गाडीत रडत होते. नानासाहेब म्हणाले, "तिनं बोलावं असा आपला हक्क नाही. पाणी दिलं, ते मोठं समजा." डोमाजी आता दर वर्षी जातात. तिच्या घरावरची कौले फेरून नीट बसवतात, लाकडे फोडून ठेवतात आणि येतात. गेल्या खेपेस ती म्हणाली, "जेवून जाजो." ते सांगायला डोमाजी स्टेशनवरून घरीही न जाता खानावळीत आले आणि नानासाहेबांनी भर दुपारी सर्वांना जिलेबी वाटली.

सत्काराची गोष्ट काढली तेव्हा नानासाहेबांनी आम्हां सर्वांना हाकलून दिले होते. पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी अट घातली: शाल नको, थैली नको, शिक्षा भोगून आलेल्या एखाद्याला काम द्या, मग हार घालून घेईन. सत्कार समितीने धावपळ केली. आज सभामंडपाची फुले ज्याने सजवली आहेत तो बागेत नुकताच लागलेला माळी आणि हार ज्या टेबलावर ठेवले आहेत ते बनवणारा सुतार, हे दोघेही या मंडपात आपल्या मुलाबाळांसह बसले आहेत. ते कुठून आले, हे नानासाहेब स्वतः सांगतीलच. त्या दोघांची परवानगी त्यांनी घेतली आहे.

नानासाहेब, तुमचा कणा असाच ताठ राहो, दात शाबूत राहोत आणि काकूंचे हसू तुमच्या घरात अखंड नांदो. बाहेर येणाऱ्या माणसांची रांग संपायची नाही. तेव्हा तुम्हांलाही इतक्यात सुट्टी नाही. शंभरी गाठा आणि त्या दिवशीही दारात उभे राहून आमच्या नातवंडांना दम द्या. आम्ही सारे, हात जोडून, एवढेच मागतो.