चोरून आणलेली सायली

भुरटी चोरी म्हणजे काय, हे सांगायला शब्दकोश लागत नाही. दोरीवरचा टॉवेल, पंपाचा नळ, सायकलची घंटी. पोलिसांत जावं एवढं काही नसतं आणि सोडून द्यावं तर जीव चडफडतो. दरोडेखोराचा निदान दरारा तरी असतो. भुरट्याच्या वाट्याला नुसतं हसू येतं. हा शब्द माझ्या आईला चिकटला, त्याचा राग मला अजून येतो.

आमच्या दिवेआगरात बायका झाडाची काडी मागत नाहीत, चोरतात. मागून आणलेली लागत नाही आणि चोरलेली हमखास रुजते, असं सगळ्याच मानतात. चोरणारी दिसली की घरमालकीण मुद्दाम पाठ फिरवते. आईच्या अंगणातली सायली शेजारच्या काकूंनी अशीच नेली, तेव्हा आई विहिरीकडे तोंड करून नको असलेलं पाणी काढत बसली होती.

पुढे वादळात आमची वाडी आडवी झाली. सायलीही गेली. काकू जागा विकून मुलाकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागेत बाहेरगावच्या एका तरुणाने होमस्टे काढला. त्याच्या कुंपणावर काकूंनी नेलेली सायली मात्र तगून होती. एका सकाळी आई पदराखाली तिची काडी लपवून घेऊन आली. वादळानंतर मी तिला पहिल्यांदाच अशी खुशीत बघत होते. तिने काडी तेलाच्या जुन्या डब्यात लावली.

दुपारी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. होमस्टेच्या कॅमेऱ्यात आई, इकडेतिकडे बघत काडी मोडणारी. खाली लिहिलेलं, ‘भुरट्या चोरांपासून सावध राहा.’ लोक त्यावर हसले. ज्यांच्या दारात चोरीचीच अबोली फुलते, तेसुद्धा!

“भुरटी म्हंजे बारीक चोर ना गो?” आईने विचारलं.

मी मान हलवली. ती तशीच पायरीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती परत करायला गेली. मी मागोमाग. त्या तरुणाला मी आमची रीत सांगितली, तसा तो ओशाळला. त्याने व्हिडिओ काढून टाकला, आईच्या पाया पडला आणि डबा तिच्याच हातात ठेवला.

“आजी, न्या तुम्ही. आणखी हवी तर मागा.”

पोरगा वाईट नव्हता. त्याच्यावर धड चिडताही येईना.

वाटेत आई म्हणाली, “आता त्याने दिलान. आता न्हाय लागायची.”

नाहीच लागली. काडी वाळली आणि आईने दुसरी आणली नाही. त्यानंतर ती कुणाच्याच अंगणात गेली नाही. रस्त्याने जातानाही हात पदरात गुंडाळून चालायची, म्हणजे कुणाला संशय नको.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. तिला अंगणात ठेवलं होतं. तो तरुण ओंजळभर सायलीची फुलं घेऊन आला, त्याच वेलाची. पायरीशी थांबून त्याने हळूच विचारलं, “ताई, वाहू का?”

मी हो म्हटलं आणि विहिरीकडे तोंड करून उभी राहिले.