अर्धा डाव खाणारं जहाज

चष्मेवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. दुकानामागच्या खोलीत अंतराळयुद्धाच्या पत्त्यांचा डाव मांडला, की समोरच्याचा प्रत्येक पत्ता त्याला टाकाऊच वाटे. त्या दिवशी मेहुण्याने विकत आणलेला अंतराळजहाजाचा नवा पत्ता मोठ्या कौतुकाने दाखवला.

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!” चष्मेवाला फिस्कारला. “तोफा जबरदस्त, कबूल. पण उडवायला अर्धा डाव इंधन साठवायचं, आणि कवच कागदाचं!”

झालंही तसंच. जहाज मेहुण्याच्या हातातच राहिलं आणि तो हरला.

“बघितलंस? अक्कल गहाण ठेवून पत्ते घेतोस!”

“खरंय, दाजी. पण मी जिंकायला येतच नाही. तुमच्याशी खेळायला आता कुणी उरलं नाही, म्हणून ताई पाठवते.”

“तिला काय कळतंय!” चष्मेवाला गुरगुरला आणि पुढच्या डावासाठी पत्ते पिसू लागला.