डाव्या मुठीतलं इष्टलिंग

भूकंपात नवरा गेला आणि गुरम्मा लातुरात आली. ट्यूशनच्या पोरींची खानावळ चालवत तिनं पंधरा वर्षं काढली, कुणाच्या बापाला भ्याली नाही. पण छातीत कळा यायला लागल्या, टू-डी इको करायची ठरली, आणि तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गळ्यातलं काढा."

गळ्यात इष्टलिंग होतं. पूजेपुरतं सोडलं तर ते कधी अंगावेगळं झालं नव्हतं.

"आमच्या लिंगायतांत मेल्यावर बी काढत न्हाईत!" गुरम्मा कडाडली.

"बरं, मग हातात धरा."

रोजच्या पूजेच्या सवयीनं लिंग डाव्या तळहातात गेलं. ती डाव्या कुशीवर निजली. यंत्राचं थंडगार टोक छातीवर फिरू लागलं, पडद्यावर तिचं काळीज धडधडताना दिसलं. गुरम्माची नजर मात्र मुठीवर खिळली. नवऱ्याला पुरताना समाधीच्या खड्ड्यात बसवलं, तेव्हा तिनंच त्याच्या डाव्या तळहातात त्याचं लिंग असंच ठेवलं होतं.

"आता श्वास सोडा आणि रोखून धरा. अजिबात हलू नका."

"थांबा वो बाई!" गुरम्मा किंचाळली. तिनं लिंग झटक्यात उजव्या हातात घेतलं, घट्ट आवळलं आणि मगच श्वास रोखला.