हँडल, अठरा छर्रे आणि सासूबाईंची मिरची

साठच्या दशकाची सुरुवात, नंदुरबारचं आमचं अंगण आणि टळटळीत दुपार. मी मोटरसायकल खोलून बसले होते. मी, म्हणजे बी.एस्सी. झालेली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली सून.

कारण साधं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तळोद्याच्या हायस्कूलमध्ये माझी मुलाखत होती, शास्त्र शिकवण्याच्या जागेसाठी. एस.टी. अकरा वाजल्यानंतर पोहोचायची. आमच्या ह्यांच्याकडे जुनी मोटरसायकल होती, पण तिचं हँडल बरोबर मधोमध अडकायचं... सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी झिंगल्यासारखी जायची. हे म्हणाले, अशा गाडीवर तुला मागे बसवणार नाही. आणि ऑफिसला निघून गेले.

हँडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलंय, एवढं मला कळत होतं. ओसरीवर गाडी घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा दिला, पुढचं चाक काढलं, वरचा नट सोडवला. पुढचे दोन्ही दांडे हळूच खाली घेईन म्हटलं. ते एकदम खाली आले आणि बेअरिंगच्या खालच्या वाटीतले सुटे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, टणटणत ओसरीवरून अंगणात गेले.

अंगणात सासूबाईंची वर्षभराची मिरची वाळत होती. पार कुंपणापर्यंत.

खोलण्याआधी छर्रे मोजायचे असतात. मी मोजले नव्हते. पदवी घेतलेल्या बाईला हे शोभत नाही, ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आजही करते.

सासूबाई बाहेर आल्या. "काय व सून, मिरचीमा लोखंड पेरी ऱ्हायनी का?"

मी खरं ते सांगितलं. आता बोलणी खायची, या तयारीने उभी राहिले. त्यांनी पदर खोचला. "सकाय तुले तळोदाले जानं शे ना? मंग हुभी काय ऱ्हायनी? बस खाले!"

मग काय विचारता... दोघी मिरची उपसायला बसलो. शेजारच्या दोन काकूही आल्या. एक शिंकली की चौघी शिंकायच्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मधूनच "सापडना, सापडना!" अशी छर्रा मिळाल्याची आरोळी. तासाभरात अठरा छर्रे मिळाले.

रॉकेलने धुतले, नवं ग्रीस थापलं, एकेक बसवला. वर्तुळ जवळजवळ भरलं, पण शेवटी एका छर्र्याएवढी फट राहिली. म्हणजे एक कमी! पुन्हा मिरची उपसली. सासूबाईंचे हात मनगटापर्यंत लाल झाले, तरी त्या उठेनात. शेवटी मी कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या चाचांना निरोप धाडला, त्या मापाचा एक छर्रा द्या म्हणून.

चाचा स्वतःच आले. वाटीत बघितलं, आमच्या चौघींच्या सुजलेल्या नाकांकडे बघितलं आणि हसत सुटले. "बेटी, पूरे तो हैं! सब कंधे से कंधा लगाके खड़े रहेंगे तो घूमेगा कौन?"

मग त्यांनी वरच्या वाटीकडे बोट दाखवलं. तिथले छर्रे जुन्या ग्रीसमध्ये जागच्या जागी चिकटून होते... आणि तिथेही तेवढीच फट होती. दुपारभर माझ्या नाकासमोर होती ती!

सासूबाई जमिनीवर बसून इतक्या हसल्या की ठसका लागला. जो छर्रा कधी नव्हताच, त्याच्यासाठी त्यांनी सगळी मिरची पुन्हा एकदा उलटी केली होती.

संध्याकाळी हे आले तेव्हा हँडल एका बोटाने इकडून तिकडे फिरत होतं. सकाळी आम्ही पावणेदहालाच तळोद्याला हजर.

मुलाखतीत हेडमास्तरांनी विषयातलं थोडंच विचारलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "नोकरीला सासूबाईंची परवानगी आहे का?"

मी म्हटलं, "सर, मी इथे वेळेवर यावं म्हणून त्यांनी काल दुपारभर मिरची उपसली, त्यामुळे त्या आत्ता घरी दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात बुडवून बसल्या आहेत."

हेडमास्तरांनी हसत माझ्या अर्जावर सही ठोकली. सोमवारी मी वर्गावर होते. सासूबाईंना शाळेची पायरी माहीत नव्हती, पण माझ्या नोकरीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती, असं मी आजही मानते.