अंबिका मेन ड्रॉमध्ये

अंबिकाला टेनिसमधलं पहिलं पदक मिळालं ते हरल्याबद्दल. कन्नडच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी जिल्हा स्पर्धेसाठी कबड्डीच्या मुलींबरोबर तिचंही नाव टेनिसला टाकून दिलं होतं. तिच्या गटात दोनच नावं आली. समोरच्या मुलीनं तिला एकही गेम घेऊ दिला नाही, आणि अंबिका रौप्यपदक गळ्यात घालून घरी आली.

तिचे वडील भिकन आधी मेंढरं राखायचे. आता कन्नड ते संभाजीनगर जीप चालवतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीपमधल्या प्रवाशांना पेढे वाटले. "पोरगी जिल्ह्यात दुसरी आली," असं ते प्रत्येकाला सांगत होते आणि अंबिका मागं अंग चोरून बसली होती. प्रवासी उतरल्यावर तिनं खरं काय ते सांगून टाकलं.

भिकननी रिकामी जीप परत वळवली. मग म्हणाले, "आता खरंच शिक. पेढे तर वाटून झालेत."

शनिवारी-रविवारी ती त्याच जीपनं शहरात यायला लागली. गारखेड्याच्या क्रीडासंकुलात सुदर्शन सर टेनिस शिकवायचे. सर बोलायचे कमी, पळवायचे जास्त. दहावीनंतर ती शहरातच राहिली आणि विशीत व्यावसायिक स्पर्धा खेळू लागली. जागतिक क्रमवारीत यायचं तर आधी स्पर्धेच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य फेरीत, जिंकावं लागतं. मुख्य फेरीच्या आधी पात्रता फेरी असते. अंबिका कितीतरी गावं फिरली आणि पात्रता फेरीतच हरत राहिली. गावाकडं विचारायचे, "टीव्हीवर कवा दिसनार?" ती म्हणायची, "दिसन की."

गेल्या हिवाळ्यात सोलापूरला भिकन स्वतः तिला घेऊन गेले. पात्रतेचा शेवटचा सामना ती हरली. सुदर्शन सरांचा फोन आला, "लगेच निघू नका. कार्यालयात नाव देऊन ठेव. मुख्य फेरीतलं कुणी आजारी पडलं तर हरलेल्यांतल्या एकीला आत घेतात. लकी लूजर म्हणतात त्याला."

"हरलेल्याला परत बोलावतेत?" भिकन म्हणाले. "लई भली मानसं हायेत."

तिनं नाव दिलं, पण आशा काही ठेवली नाही. सकाळी दोघांनी मैदानाबाहेरच्या गाड्यावर पोटभर पुरीभाजी खाल्ली. अंबिकानं वर दोन जिलब्याही घेतल्या. हात धुते न धुते तोच फोन वाजला. एका मुलीला ताप आला होता. अंबिकाला लगेच कोर्टवर यायचं होतं.

समोरची हैदराबादची, उंच, दणकट सर्व्हिसची. पहिला सेट भराभर गेला. जड पोटानं अंबिकाला पळवेना. म्हणून दुसऱ्या सेटमध्ये तिनं लांब रॅली करायचंच सोडलं. चेंडू हळूच जाळीपलीकडं टाकायला लागली. उंच मुलगी मागून धावत यायची आणि वाकेवाकेपर्यंत चेंडू दुसरा टप्पा घ्यायचा. अंबिकाला मजा वाटू लागली. दुसरा सेट तिचा. तिसऱ्यापर्यंत पोटही हलकं झालं होतं, मग ती पळालीही. शेवटचा चेंडू हैदराबादच्या मुलीनं जाळीत मारला.

खेळ चालू असताना ओरडायचं नाही, असं भिकनना बजावलेलं होतं. ते कुंपणाची जाळी धरून उभे होते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, आबा. जिंकले."

"मंग वरडू का आता?"

"वरडा."

मेंढरांना हाळी द्यायचे तसे ते ओरडले. शेजारच्या कोर्टवरची खेळाडू सर्व्हिस करता करता थांबली आणि पंचांनी शांत राहायला सांगितलं. अंबिका हसत हसत खुर्चीत बसली.

पुढच्या फेरीत ती सपाटून हरली. पण पहिला गुण खात्यात पडला होता. क्रमवारीत यायला तीन स्पर्धांत गुण लागतात. आणखी दोन ठिकाणी एकेक गुण मिळाल्यावर तिचं नाव आलं, अकराशेच्याही खाली. जीपमधला एक प्रवासी म्हणाला, "अकराशे म्हंजे लई खालीच की, भिकनभाऊ."

"व्हय," भिकन म्हणाले, "पर मोजनी जगाची हाय."

स्पर्धा नसते तेव्हा अंबिका सकाळी संकुलात लहान मुलींना शिकवते आणि दुपारी स्वतःचा सराव करते. हल्ली सुदर्शन सरांनी तिला सर्व्हिस बदलायला लावली आहे. नवी सर्व्हिस अजून बाहेर जाते, पण जाते मात्र जोरात.