पांढरी पिल्लं

"थांबा, खाऊ द्या त्यांना." दौंडच्या कीटक प्रयोगशाळेचे साहेब सीताफळाखाली उकिडवे बसून असं म्हणायचे, तेव्हा वाटायचं, ह्यांच्या घरचीच पंगत बसलीय.

त्यांच्या स्कूटरवर कायम लाल भोपळ्यांचं पोतं. पिठ्या ढेकूण तुम्ही पाहिला असेल, सीताफळाला पीठ सांडल्यासारखा चिकटतो. साहेब तो प्रयोगशाळेत भोपळ्यावर वाढवायचे आणि त्या ढेकणांवर, ते खाणारे काळे भुंगेरे पोसायचे. आई म्हणायची, "साहेब, येक ठिवा की घारग्यांना."

"काकू, हे भोपळे ड्यूटीवर हायेत!"

निमोण्यात आमच्या बागेत त्यांनी ते भुंगेरे सोडले. गावानं टिंगल केली, किडे मारायचे सोडून पाळतोय म्हणून. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "पिकलं ते समदे मोजत्यात. फवारणीचं वाचलं, ते कोन मोजतंय?" ते वाचलेलं दाखवता आलं, तरच त्यांच्या कामाला पुढचं अनुदान मिळणार होतं. त्यासाठी वरचे अधिकारी आमची बाग बघायला येणार होते. आणि खरंच, फळं स्वच्छ होती, पंप खोपीत धूळ खात पडला होता.

नेमका तेव्हाच आमच्या थोरल्या दादानं घोळ घातला. पाहुणे यायचे म्हटलं की लोक अंगण सारवतात, ह्यानं बाग सारवली! फळांवर पांढरं काहीतरी दिसलं म्हणून सगळीकडे औषध मारून मोकळा. ती भुंगेऱ्यांची पिल्लं होती हो! दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकूण. फरक एवढाच, काडी लावली की पिल्लू पळतं, ढेकूण फारसा हलत नाही. दादाला कुठलं ठाऊक? त्यानं बघितले होते ते काळे भुंगेरे.

साहेब आले. मेलेली पिल्लं त्यांनी तळहातावर घेतली. दुसरी तयार होईतो हंगाम सरणार होता. दादाचं तोंड एवढंसं झालं.

"पोरं बापावर गेली न्हाईत दादा, त्यात तुमचा काय दोष?" साहेब हसायला गेले, पण जमलं नाही.

दादा म्हणाला, "फवारलंच न्हाई म्हणून सांगतो. बाग चकाचक हाय, कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय की. आन् माझ्या शब्दावर उद्या दुसऱ्यानं फवारणी सोडली, त्याची बाग गेली, तर?"

अधिकाऱ्यांना त्यांनी खरं ते सांगितलं. माणसं सभ्य होती. चहा घेतला, सीताफळं घेतली, आणि पुढं अनुदान बंद झालं. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. साहेब लांब कुठंतरी दुसऱ्या नोकरीला आहेत म्हणे. फोन लागत नाही. आणखी एक हंगाम मिळायला हवा होता त्यांना, एकच! एवढं मोलाचं काम आमच्या पाहुणचारापायी बुडालं, ह्याचा विचार आला की जीव जळतो.

यंदाही पिठ्या आलाय. दादा पाठीवर पंप घेतो, पण लगेच फवारत नाही. वाळकी काडी घेऊन एकेका पांढऱ्या ठिपक्याला हळूच टोचतो आणि वाकून बघत राहतो, एखादं तरी पळतंय का.

पळत नाही. मग तो पंप सुरू करतो.