नागिणीची तोंडं

माझी चुलतसासू बनुबाई नागीण उतरवायची. अंगावर फोडांचा पट्टा उठला, की पाथर्डीच्या आसपासची माणसं दवाखाना सोडून आमच्या ओट्यावर यायची. ती गेरू उगाळायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना लेप लावायची. ती टोकं म्हणजे नागिणीची तोंडं. ती एकमेकांना मिळाली की माणूस जातो, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि आईही कमरेभोवती तोंडं मिळूनच गेली होती. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, पण सुनेला विचारतो कोण?

बहात्तरच्या दुष्काळात आमचा गोऱ्हा गुरांच्या छावणीतून परत आला तो मानेवर डाग घेऊनच. मधे टक्कल, कडेनं राखाडी खपली. माझा नवरा छगन म्हणाला, खरूज आहे, करंजाचं तेल लावू. शेजारीण म्हणाली, देवी आल्यात, तेल लावायचं नाव काढू नका. बनुबाईनं वाकून पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"तोंडं मिळाल्यात. पार गोल झालंय. ह्यो काय ऱ्हात न्हाई."

तेवढ्यात गोऱ्हा तिचा पदर चघळायला लागला.

तरी ती रोज गेरू लावायची. गोऱ्हा मरेना आणि डाग वाढतच राहिले. "मिळाल्यात, मंग मरंना का ह्यो?" ती मलाच विचारायची, जणू मीच काही लपवून ठेवलंय. मला हसू यायचं.

मग एकदा भाकरी थापताना तिचं मनगट दिसलं आणि माझं हसू जिरलं. बांगड्यांच्या मागं लाल, खवल्यांची चंद्रकोर उठली होती. ती तिथं गेरू लावत होती आणि टोकं जवळ सरकत होती. विश्वास नव्हता म्हणणारी मी, उठता-बसता त्या मनगटाकडं बघायला लागले. रात्री झोप येईना.

ज्या सकाळी वर्तुळ पुरं झालं, त्या दिवशी बनुबाईनं अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन बसली. दुपार झाली तशी तिनं भाकरी मागितली. मी वाढली, ती जेवली. आता रडायचं की काय, ते मला कळेना.

त्याच दुपारी छगन ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आला. नृसिंहराव त्यांचं नाव. त्यांनी खपली काचेवर खरवडून घेतली, दुर्बिणीखाली बघायला.

"खरूज असती तर जनावरानं खाजवून खाजवून जीव नकोसा केला असता," ते म्हणाले. "हे गजकर्ण. बुरशी असते, शिळ्या भाकरीवर येते तसली. खपली साबणानं धुवा, आयोडीन लावा, गोऱ्हा वेगळा बांधा."

बनुबाईनं मनगट पुढं केलं. "मलाबी लावा."

"मावशी, तुम्हाला गोऱ्ह्याचंच लागलंय. पण मी ढोरांचा डॉक्टर. तुम्ही माणसांच्या दवाखान्यात जा."

"रोग येकच अन् डाक्तर दोन?"

ते हसले. ती हसली नाही.

"पर तोंडं मिळाल्यात ना?"

"याला तोंडं नसतातच. हे गोलच वाढतं."

"मंग मी मरनार न्हाई?"

"नाही, मावशी."

मला रडू फुटलं. तिनं मात्र मनगट पदरात झाकलं.

"अन् माझी माय? तिची मिळाली हुती. आता न्हेऊन काय करायचं, म्हनून आमी तिला दवाखान्यात न्हेलीच न्हाई. ती पानी मागत हुती."

"नागीण वेगळी, हे वेगळं," डॉक्टर चाचरत म्हणाले. "त्या कशानं गेल्या, ते मी आता कसं सांगू?"

दोघांनाही औषधं मिळाली. गोऱ्ह्याच्या मानेवर केस आले, तिचं मनगटही नितळ झालं. पण कुणी अंग दाखवायला आलं की ती गोंधळायची. वेगळं म्हणजे किती वेगळं, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

पुढं एकानं आपल्या म्हाताऱ्या आईला बैलगाडीतून आणलं. कमरेला पट्टा होता. बनुबाईनं नेहमीसारखा गेरू उगाळला, लेप दिला आणि त्याला गाडीतून उतरूच दिलं नाही.

"आता तसाच दवाखान्यात ने तिला," ती म्हणाली. "तोंडं मिळाली तरी ने."